फाशीचा हुकूम आणि दप्तरातील वर्षे

पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खूनखटल्यात दोघा गुन्हेगारांची फाशी रद्द करून त्यांना ३५ वर्षांची कैद देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी कायम केला, तेव्हा पुष्कळांनी न्यायमूर्तींच्या मवाळपणाला दोष दिला. परंतु या प्रकरणाचे कागद चाळणाऱ्यास दोष सरकारी दिरंगाईच्या पदरी घालावा लागेल. २००७ मधील गुन्ह्याची शिक्षा २०१२ साली ठोठावली गेली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, मे २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि एवढे सारे सोपस्कार उरकल्यावर येरवडा तुरुंग व सत्र न्यायालय यांच्यात पत्रव्यवहार चालत राहून फाशीचे वॉरंट निघाले, ते एप्रिल २०१९ मध्ये! कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशीही दयेच्या अर्जांवरील ७ वर्षे, १० महिने, १५ दिवसांच्या विलंबापायी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली.

पण ही दिरंगाई टळली, तरी फाशीचा खरा खर्च न्यायासनाच्या वेळेत आहे. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींनी संपूर्ण पुरावा नव्याने तपासल्यावाचून ही शिक्षा अमलात येत नाही. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती बसतात. २०१४ पासून पुनर्विलोकनाची सुनावणीही खुल्या न्यायालयात होते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज खटल्यातील निकालापासून कैद्याच्या मानसिक अवस्थेचा व तुरुंगातील वर्तनाचा अहवालही मागवावा लागतो. जी शिक्षा एकदा दिल्यावर परत घेता येत नाही, तिच्यासाठी यांतील एकही पायरी मला अनावश्यक वाटत नाही. कॅलिफोर्नियात न्यायमूर्ती आर्थर अलार्कोन यांनी पॉला मिचेल यांच्यासह २०११ मध्ये फाशीच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा १९७८ पासून सुमारे ४ अब्ज डॉलर खर्चून अवघ्या १३ जणांना देहान्त शासन झाल्याचे निघाले. आपल्याकडे २०२२ या एकाच वर्षात सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली. उलट २००४ पासून देशभर प्रत्यक्ष फासावर गेले आठ जण, पैकी महाराष्ट्रात दोघे, २०१२ मध्ये येरवड्यास आणि २०१५ मध्ये नागपुरास.

पुण्याच्या खटल्यातील त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र कक्ष स्थापण्याचा हुकूम दिला. त्यामुळे दप्तरातील वर्षे कमी होतीलही, परंतु न्यायालयांचे दिवस तेवढेच लागणार. आणि ज्या उच्च न्यायालयात साध्या कैद्याचे अपील वर्षानुवर्षे सुनावणीची वाट पाहते, तेथे ते दिवस त्याच्याच वाट्यातून जातात. म्हणून गृहखात्याने फाशीच्या प्रत्येक प्रकरणावरील वकील, पहारा व सुनावण्यांचा खर्च जन्मठेपेच्या खर्चाशेजारी ठेवून दरसाल विधिमंडळापुढे मांडावा, आणि तोवर सरकारी वकिलांनी नव्या खटल्यांत फाशीची मागणी करू नये.