हसवणारा साचा : ‘द बिग बँग थिअरी’ वर्ध्यातून पाहताना

वर्गातल्या हुशार पोराला आपल्याकडे नावं कमी नाहीत. घासू, पढाकू, चष्मिस, पुस्तकी किडा. वर्ध्याकडे नुसतं ‘स्कॉलर’ म्हटलं तरी भागतं. कौतुक आहे की टोमणा, हे म्हणणाऱ्याच्या सुरावरून कळतं. अमेरिकेत अशा पोराला ‘नर्ड’ किंवा ‘गीक’ म्हणतात. अशाच चौघांवर तिथे बारा वर्षं एक विनोदी मालिका चालली आणि आपल्याकडच्या वसतिगृहांतही ती लॅपटॉपवर पाहिली गेली. तिच्यावरचा आक्षेप जुना आहे. हिचा सगळा विनोद ठोकळ्यांवर उभा आहे, असं म्हणतात. हुशार म्हणजे बावळट, देखणी म्हणजे अडाणी, भारतीय म्हणजे बुजरा. हा आक्षेप कितपत खरा आहे, ते इथे पाहायचं आहे. तो वर्ध्यातून पाहण्याला एक कारणही आहे, ते पुढे येईल.

विनोदाला साचा का लागतो

अशा मालिकेचा एक भाग जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा असतो. तेवढ्यात पात्राची सावकाश ओळख करून द्यायला फुरसत नसते. तमाशात सोंगाड्या किंवा मावशी पुढे आली की प्रेक्षकाला कोण आलं ते सांगावं लागत नाही; तो आधीच हसायला बसलेला असतो. मालिकाही हाच जुना करार पाळते.

मराठीत हा करार सुंदर पाळला गेला आहे. चि. वि. जोशींचा चिमणराव हा पुण्याचा भित्रा, मध्यमवर्गीय कारकून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले आणि ती जोडी घराघरांत गेली. (हे सगळं लिहिणारे जोशी स्वतः बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. म्हणजे आजच्या भाषेत तेही ‘गीक’च.)

पण आपला अस्सल पढाकू म्हणजे पु. ल. देशपांड्यांचा सखाराम गटणे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातला हा स्वाक्षरी मागायला आलेला, छापील मराठी बोलणारा पोरगा. पहिल्या दोन पानांत तो पक्का ठोकळा आहे आणि आपण त्याच्या भाषेला मनसोक्त हसतो. पुढे लग्नाचा विषय निघतो, त्याची तारांबळ उडते, आणि हसता हसता आपल्याला त्याची माया वाटायला लागते. मला वाटतं, कुठल्याही विनोदी पात्राला हीच कसोटी लावावी. साचा वापरला म्हणून लेखकाला दोष देऊ नये. तो साचा पुढे कधी उघडला का, एवढं विचारावं.

मालिका थोडक्यात

‘द बिग बँग थिअरी’ सीबीएस वाहिनीवर २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाली आणि १६ मे २०१९ रोजी संपली. १२ पर्वं, २७९ भाग. निर्माते चक लॉरी आणि बिल प्रेडी. यांपैकी प्रेडी लेखनाकडे वळण्याआधी संगणकाचे प्रोग्राम लिहीत असत. कथा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावची. शेल्डन हा सैद्धांतिक भौतिकीवाला, लेनर्ड प्रायोगिक भौतिकीवाला, हॉवर्ड अभियंता आणि राजेश कूथ्रापल्ली खगोलभौतिकीवाला. समोरच्या घरात पेनी राहते. तिला नटी व्हायचं असतं आणि तूर्त ती हॉटेलात वाढपी असते. चित्रीकरण बहुतेक वेळा प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर होई. त्यामुळे वाक्य संपलं की नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. घरी बसलेल्यालाही कुठे हसायचं ते त्या हशातूनच कळतं.

फळा खरा, माणसं मात्र…

मालिकेत घरातही फळे आहेत आणि त्यांवरची समीकरणं खरी आहेत. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड सॉल्ट्झबर्ग ती तपासून देत. विज्ञानाबाबत एवढी काळजी घेणाऱ्यांनी वैज्ञानिकांबाबत मात्र सुरुवातीला काहीच घेतली नाही. चौघांनाही कॉमिक्सचं वेड, चौघांनाही बाईशी धड बोलता येत नाही, खेळात चौघेही शून्य. पेनीच्या वाट्याला सौंदर्य आणि व्यवहार, बाकीच्यांच्या वाट्याला अक्कल. ही वाटणी इतकी सोयीची आहे की पहिली दोन पर्वं पाहताना पुढचा विनोद आधीच ओळखता येतो. शेल्डनच्या वागण्यात अनेकांना स्वमग्नतेच्या खुणा दिसल्या; कर्त्यांनी त्याला तसं काही नाव द्यायचं टाळलं. नाव दिलं असतं तर त्याच्यावर हसणं प्रेक्षकांना जड गेलं असतं, असा माझा अंदाज.

साचा उघडला तो बायका आल्यावर. बर्नाडेट सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, एमी मेंदूविज्ञानाची अभ्यासक. एमीचं काम करणाऱ्या मायिम बियालिकने खरोखरच मेंदूविज्ञानात पीएच.डी. केलेली आहे. या दोघींमुळे ‘हुशार म्हणजे पुरुष’ हा ठोकळा मोडला, आणि शेल्डनलाही वाढावं लागलं. त्या भूमिकेसाठी जिम पार्सन्सला चार एमी पुरस्कार मिळाले. शेवटच्या भागात शेल्डन नोबेल घेतो तेव्हा तो पहिल्या भागातला शेल्डन उरलेला नसतो. गटणेची कसोटी लावली तर इथे मालिका पास होते, काठावर का होईना.

मालिकेच्या बाजूची आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. २०१५ मध्ये तिच्या कलाकारांनी आणि कर्त्यांनी मिळून त्याच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ४० लाख डॉलरचा शिष्यवृत्ती निधी उभारला. ज्यांच्यावर हसून पैसे मिळाले, त्यांच्याकडे त्यातले थोडे परत गेले.

राजेश कूथ्रापल्ली

राजच्या बाबतीत मात्र निकाल वेगळा लागतो. दिल्लीच्या श्रीमंत स्त्रीरोगतज्ज्ञाचा हा मुलगा. दारू पोटात गेल्याशिवाय त्याला बाईशी एक शब्द बोलता येत नाही, आणि हा एकच विनोद सहा पर्वं ताणला आहे. आईवडील लॅपटॉपच्या पडद्यावरून लग्नाचा लकडा लावतात. गाय, गरिबी, गर्दी, तिखट जेवण : भारत आला की यांतलं काहीतरी येतंच. निदान भूमिका भारतीयाला दिली, हे मान्य. कुणाल नय्यर दिल्लीत वाढलेला नट आहे. याउलट ‘द सिम्पसन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराला वर्षानुवर्षं हँक अझारिया या गोऱ्या नटाचा आवाज होता. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला आणि २०२० मध्ये अझारियाने ते काम सोडलं. पण नट भारतीय असला तरी त्याच्या तोंडची वाक्यं कोण लिहितं, हा प्रश्न उरतोच. मालिका संपते तेव्हा चौघांतला एकटा राजच जोडीदाराविना असतो.

माधुरी, ऐश्वर्या आणि एक शिवी

आता वर्ध्याचं कारण. २००८ साली दाखवल्या गेलेल्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ऐश्वर्या राय पडद्यावर दिसते आणि शेल्डन तिला माधुरी दीक्षितची स्वस्तातली आवृत्ती ठरवतो. ऐश्वर्याचा भक्त असलेला राज खवळतो आणि माधुरीला ‘महारोगी वेश्या’ अशा अर्थाची शिवी हासडतो. प्रेक्षक हसतात. मार्च २०२३ मध्ये हा भाग काढून टाका म्हणून नेटफ्लिक्सच्या मुंबई कार्यालयाला कायदेशीर नोटीस गेली आणि आपल्याकडे गदारोळ झाला. तो सगळा एका नटीच्या, एका बाईच्या अपमानाबद्दल होता, आणि तो राग रास्तच होता. शिवीतल्या ‘महारोगी’ या शब्दाकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही.

वर्ध्याच्या माणसाला तो शब्द आधी ऐकू येतो. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. ते संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठरोगी. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. त्यांची कुटी आश्रमात आजही आहे. शाळेच्या सहलीबरोबर गेलेल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी ती पाहिलेली असते. बाबा आमटे १९१४ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, आणि त्यांचं आनंदवन उभं राहिलं शेजारच्या वरोऱ्याजवळ. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन तपासणी करायची, लोकांना समजावायचं आणि घराजवळ औषध द्यायचं, ही ‘सर्वेक्षण, शिक्षण, उपचार’ पद्धत डॉ. वर्देकरांनी इथे घडवली. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने तीच उचलली.

म्हणजे हा शब्द शिवीतून बाहेर काढण्यासाठी या जिल्ह्याने अनेक पिढ्या खर्ची घातल्या आहेत. रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्येच शोधला होता. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, आणि तो सुरू झाल्यावर रोगी लवकरच संसर्ग पसरवेनासा होतो. तरी आपल्या वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून टिकून होतं. ते काढायला २०१९ साल उजाडलं. मालिका संपली तेही २०१९ सालीच.

राज हा डॉक्टरचा मुलगा, स्वतः शास्त्रज्ञ. त्याच्या तोंडी हा शब्द का आला असावा? त्याच्या स्वभावातून तर येत नाही. भारतीय माणूस, चिडलाय, काहीतरी ‘तिकडचं’ बोलायला हवं. लिहिणाऱ्याने कपाटात हात घातला आणि सगळ्यात वरचा डबा काढला, एवढंच. साच्याचं खरं नुकसान मला इथे दिसतं. मुख्य पात्रांचा साचा बारा वर्षांत हळूहळू उघडला, कारण त्यांच्यावर रोज काम होत होतं. जे कडेला उभे होते, किंवा नुसते उपमेपुरते आले होते, त्यांचा डबा उघडून आत काय आहे हे कोणी पाहिलंच नाही. (जाता जाता : सिनेमात येण्याआधी माधुरीने मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास सुरू केला होता. शिवी देणाऱ्याला कुष्ठरोगाच्या जंतूबद्दल तिनेच चार गोष्टी सांगितल्या असत्या.)

आपल्या घरचा डबा

पॅसाडिनावाल्यांना नावं ठेवून झाली. मराठी पडद्यावर विदर्भाचं काय होतं? इथला माणूस ‘मी येऊन राह्यलो’, ‘मले सांग’, ‘काऊन बे?’ असं बोलायला लागला की हशा ठरलेला. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली महाराष्ट्रभर नेली. ते अमरावतीकडचे, बोली त्यांची स्वतःची आहे आणि तिच्यातला तिरकसपणा त्यांना आतून ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या नकलांबद्दल. हवालदार, सरपंच, घरगडी अशी किरकोळ भूमिका आली की तिच्या तोंडात वऱ्हाडी कोंबायची आणि विनोद झाला असं समजायचं.

त्यातही बारकावे धुऊन जातात. वर्धा नदी ही जुन्या वऱ्हाडची हद्द. नदीच्या पश्चिमेला अमरावतीची बोली, पूर्वेला नागपूरकडची, आणि वर्धा जिल्ह्यात दोन्हींची सरमिसळ. आर्वीचा माणूस आणि हिंगणघाटचा माणूस सारखे बोलत नाहीत. पडद्यावर मात्र सगळे एकाच सुरात ‘बाप्पा’ म्हणतात. याच बोलीत उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये ‘धग’ लिहिली. त्यातली कौतिक वऱ्हाडीतच संसाराशी झुंजते, आणि वाचणाऱ्याला कुठे हसावंसं वाटत नाही. विठ्ठल वाघांची कविताही याच मातीतली, गंभीर. म्हणजे दुःख, प्रेम, विचार हे सगळं या भाषेला पेलतं. पेलवत नाही ते लिहिणाऱ्यांच्या सवयीला.

शेल्डनला निदान बारा वर्षं मिळाली. वऱ्हाडी बोलणारं पात्र मराठी मालिकेत भौतिकशास्त्रज्ञ, न्यायाधीश किंवा संगणकवाली म्हणून आलेलं मला तरी आठवत नाही. आणि इकडे सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, रात्री प्रोजेक्ट जमवत बसलेल्या पोरांपैकी कोणीतरी ‘कोड चालून नाही राह्यला बे’ असं म्हणतच असतो. दुसरा म्हणतो, ‘पाहू दे मले.’ दोघांनाही यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांना ती चूक सापडायला हवी असते.