शुक्रवार म्हणजे पंपाचा वार

सकाळी ७
लोणावळ्यात शनिवार-रविवारी बंगल्यांवर पाहुणे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्विमिंग पूल नितळ हवा. सगळ्यांचे पंप नेमके शुक्रवारीच आठवतात. फोनवर ठरलेलं वाक्य: "दादा, मोटार जळली." मी विचारतो, जळका वास येतोय का? नुसती गुणगुणते की अगदी गप्प आहे? एमसीबी लगेच पडते की थोड्या वेळाने? पिशवीत काय घ्यायचं ते या उत्तरांवर ठरतं. दहापैकी नऊ वेळा मोटार जळलेली नसतेच.

सकाळी ८.३०
तुंगार्ली. एक एचपीचा सिंगल फेज पंप. बटण दाबलं की हूं करतो, फिरत नाही. मेन बंद करून मागचा पंखा हाताने फिरवला. सहज फिरला, म्हणजे बेरिंग आणि इम्पेलर ठीक. मग कंडेन्सर. तो डिस्चार्ज करून काढला, तर डोकं फुगलेलं. अंगावर २५ मायक्रोफॅरॅड छापलंय, मीटर ११ दाखवतोय. नवा घालताच मोटार उचलली. टाँगटेस्टर लावला, अँपिअर नेमप्लेटच्या आत.

केअरटेकर म्हणाला, "एवढंच होतं?" एवढंच नव्हतं. पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून पंपरूमच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला होता. आत भट्टी. उष्णतेने कंडेन्सर लवकर मरतो. पुठ्ठा काढायला लावला, क्लोरीनचे डबेही बाहेर. क्लोरीनची वाफ तांबं आणि लोखंड दोन्ही खाते.

सकाळी १०.३०
खंडाळा. मोटार किंचाळतेय. पंप आणि मोटार जिथे जुळतात तिथे खाली थेंब, त्याखाली गंजाची ओघळ. सील गळलं, पाणी शाफ्टवरून पुढच्या बेरिंगमध्ये शिरलं, ग्रीसचा तपकिरी चिखल झाला. मालक फोनवर, "फक्त बेरिंग टाका, सील पुढच्या वेळी." म्हटलं, साहेब, मग पुढची वेळ याच महिन्यात येईल.

पुलरने जुनं बेरिंग ओढलं. नवं बसवताना पाइपाचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोकायचा. बाहेरच्या रिंगवर घाव बसला की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. सीलची एक बाजू सिरॅमिकची, दुसरी कार्बनची. दोन्ही आरशासारख्या गुळगुळीत, त्यांच्यावर बोटाचं तेलसुद्धा लागू द्यायचं नाही. रबराला साबणाचं पाणी, चकतीवर स्वच्छ फडकं धरून अंगठ्याने सरळ दाब. पाणी वाइंडिंगपर्यंत गेलं असेल, म्हणून ५०० व्होल्टचा मेगर लावला. एक मेगओहमच्या खाली काटा असता, तर पंप सुरूच केला नसता. पूलमध्ये माणसं उतरतात.

दुपारी १.३०
रिवाइंडिंगचं दुकान. इथे मात्र खरोखर जळलेली मोटार: एका हॉटेलची, थ्री फेज, स्टार जोडणीची. दोन फेजच्या कॉइल कोळसा, तिसरीवरचं वॉर्निश अजून चमकतंय. एक फेज गेली आणि मोटार उरलेल्या दोघींवर ओढत राहिली. कॉइल भरून, वॉर्निश पाजून, भट्टीत सुकवून मिळेल सोमवारी. हॉटेलला तोवर माझी जुनी मोटार. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर टाकायची अटही घातली, नाहीतर नवं वाइंडिंगही त्याच वाटेने जाणार.

दुपारी ४
वलवण. "प्रेशर नाही, मोटार बदला." मोटार ठणठणीत. बास्केटच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे, म्हणजे पंप एअर पकडतोय. झाकणाच्या ओ-रिंगखाली वाळकं पान अडकलेलं, शिवाय पूलचं पाणी स्किमरच्या तोंडाखाली. पान काढलं, पूल भरायला लावला. असाच कोरडा फिरला असता, तर सील आधी जळलं असतं.

संध्याकाळी ७
बिलं. वलवणच्या मालकांचा फोन: "पार्ट काही टाकला नाही, मग पैसे कसले?" म्हटलं, शेठ, सांगितल्याप्रमाणे मोटार बदलली असती, तर नवी मोटारही हवाच ओढत बसली असती. थोडं थांबून म्हणाले, "पाठवा बिल." पाठवलं. पार्टच्या रकान्यात रेघ मारली आणि कामाच्या रकान्यात पान आणि पाण्याची पातळी दोन्ही लिहिली, म्हणजे पुढच्या शुक्रवारी मला फोन करण्याआधी केअरटेकर झाकण उघडून बघेल.