सफारी आपल्याच जिल्ह्यात

‘सफारी’ हा शब्द अरबी ‘सफर’वरून स्वाहिली भाषेत आला. म्हणूनच तो ऐकताच आफ्रिका आठवते. पण तो खर्च आपल्यापैकी किती घरांना झेपेल? आपल्या गोंदिया जिल्ह्यातच नागझिरा आणि नवेगावबांध आहेत. २०१३ साली त्यांचा व्याघ्र प्रकल्प झाला.

पावसाळ्यात जंगल बंद असते. पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात नवेगावचा तलाव गाठावा, पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची ओळख मुलांना करून द्यायला याहून चांगली जागा नाही. वन्यप्राणी पाहायचे तर एप्रिल-मे बरा, तेव्हा ते पाणवठ्यावर येतात. आरक्षण आधीच करावे, ओळखपत्र सोबत ठेवावे. पहाटेची फेरी असेल तर फज्र अदा करूनच निघावे. कपडे मळकट रंगाचे, मोबाईल मुका.

वाघ दिसलाच पाहिजे, असा हट्ट चालकाकडे धरू नये. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत चालत गेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला. अशा वाघांच्या वाटेत आपले रस्ते येतात. जंगलालगतच्या महामार्गावर, विशेषतः रात्री, गाडी हळू चालवणे एवढे तर आपल्या हाती आहे. मुलांना हाही धडा आपणच द्यायचा आहे.