सांध्याचा जंतुसंसर्ग : प्रकृती पुढे, चित्र मागे

गुडघ्यात किंवा खुब्यात जंतुसंसर्गाने पू झाला, तर तो काढून टाकून प्रतिजैविके तातडीने सुरू करावी लागतात. कारण हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, काही दिवसांतच नष्ट होऊ लागते आणि एकदा गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे चित्रांवरून ठरवणे मात्र रुग्णाच्या नातेवाइकांना वाटते तितके सरळ नसते.

हाडातील खनिजांचा सुमारे 30 ते 50 टक्के ऱ्हास झाल्याशिवाय तो साध्या एक्स-रेत स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे संसर्ग आटोक्यात येत असतानाही आधीच होऊन गेलेली हानी दोन-तीन आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत प्रथमच उमटते आणि आजार बळावल्याचा समज होतो. सोनोग्राफीत सांध्यातील द्रव चटकन दिसतो व सुई नेमकी नेता येते, परंतु तो द्रव पू आहे की केवळ दाहामुळे साचलेले पाणी, हे त्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही.

एमआरआय याहून पुष्कळ खोलवर पाहते. तिच्या टी-1 नावाच्या चित्रमालिकेत प्रौढांच्या हाडातील निरोगी, चरबीयुक्त मज्जा उजळ दिसते, तर दाहामुळे पाणी शिरलेली मज्जा काळसर दिसते; हा काळसर भाग पुन्हा उजळणे, ही बरे होण्याची मोलाची खूण होय. तथापि ही सूज संसर्ग संपल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकते. सांध्याच्या क्षयरोगात, जिथे औषधे साधारण वर्ष ते दीड वर्ष चालतात, ही संथ गती विशेष जाणवते. उलट, दाह वाढला की रक्तात वाढणारे सीआरपी हे प्रथिन, नवी निर्मिती थांबल्यास, सुमारे 19 तासांत निम्म्यावर येते.

म्हणूनच ताप गेला, वेदना उतरली, सांधा हलू लागला आणि सीआरपी घटले, तर केवळ अहवालात ‘सूज कायम’ असे लिहिले आहे म्हणून औषधे वाढवणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे योग्य ठरत नाही. मणक्याच्या संसर्गाबाबत अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये हीच दिशा दाखवली : रुग्ण आणि रक्तचाचण्या सुधारत असतील, तर नित्याची म्हणून एमआरआय तपासणी पुन्हा करू नये. वेदना परतली, ताप उतरेना किंवा सीआरपी घटेना, तर मात्र ती तपासणी लांबणीवर टाकता कामा नये, कारण औषध पुरेसे पोहोचत नसलेला, आत दडलेला पुवाचा साठा शोधून तो बाहेर काढण्याची वाट तीच दाखवते.