किल्लारीचा नकाशा काय म्हणत होता?

अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गावं झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, ६.२ तीव्रतेच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं झोपेत गाडली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी त्या काळच्या अधिकृत भूकंप-नकाशात पाचांपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. तेव्हापासून ‘शास्त्रज्ञांचा नकाशा खोटा निघाला’ हे वाक्य अधूनमधून कानी पडतं.

नकाशापेक्षा आपण तो ज्या रीतीनं वाचतो, तिथे खरी गफलत आहे. असा नकाशा पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदी आणि भूगर्भाची रचना यांवर बेततात. दख्खनच्या पठारावर भूकंपमापक यंत्रं मोजकी, जुन्या नोंदी त्रोटक, आणि मोठ्या धक्क्यांमधलं अंतर अनेक पिढ्यांचं. अशा ठिकाणी शे-दीडशे वर्षांची कोरी वही पाहून फक्त इतकंच म्हणता येतं की, आपण थोडाच काळ पाहिलंय. खडकातल्या ज्या भेगेवर, म्हणजे भ्रंशावर, किल्लारी हादरली, तो आधी कुणाच्या नोंदीतच नव्हता. कोयनेच्या भूकंपानं डिसेंबर १९६७ मध्ये हाच धडा दिला होता. तेव्हा कोयना उचलून वरच्या विभागात टाकली. बाकी पठाराचा रंग बराचसा तसाच राहिला. २००२ साली मात्र पहिला विभागच रद्द करून दुसऱ्यात मिसळला. माझ्या मते नकाशावरची ही सर्वांत प्रामाणिक दुरुस्ती.

दुसरा गैरसमज असा की, अनिश्चितता एकाच जातीची असते. फासा टाकल्यावर काय पडेल हे कुणीच सांगू शकत नाही. ती निसर्गाची लहर, अभ्यासानं जात नाही. पण फासा किती बाजूंचा आहे हेच ठाऊक नसेल तर? ते आपलं अज्ञान, आणि ते कमी करता येतं. म्हणून आजचे अभ्यासक एकाच सूत्रावर भिस्त ठेवत नाहीत. भ्रंश इथे की तिथे, कमाल तीव्रता ६ की ७, हादरा अंतरागणिक किती विरतो, अशा प्रत्येक प्रश्नाची दोन-चार संभाव्य उत्तरं घेऊन प्रत्येकाला वजन देतात. त्याला तर्कवृक्ष म्हणतात. शेवटी एका आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा मिळतो. तो रुंद दिसला की लोक नाक मुरडतात; मला तर अरुंद पट्ट्याचीच जास्त धास्ती वाटते.

पुराबद्दलही असंच. ‘शंभर वर्षांतला पूर येऊन गेला, आता नातवंडांना काळजी नाही’ हा हिशेब चुकीचा आहे. त्या शब्दांचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं नदीकाठी राहिलात तर सुमारे २६ टक्के. शिवाय तो १ टक्का तरी कुठल्या नोंदींवरून काढला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईत एकट्या कुलाब्याचंच पर्जन्यमापक असतं, तर वहीत तो पावसाळ्यातला चारचौघांसारखा दिवस ठरला असता.

‘नक्की कळल्याशिवाय खर्च कशाला?’ हा सवाल दरवेळी येतोच. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान धक्के जाणवले होते. असे धक्के बहुतेकदा आपोआप थांबतात, आणि कोणते थांबणार नाहीत हे आजही सांगता येत नाही. पण माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या भाराखाली. भिंतीत आरपार जाणारे दगड बसवायला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायला, माळवदावरची माती हलकी करायला भूकंपाची तारीख लागत नाही.

कोयना परिसरात आता सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाचं तापमान, ताण आणि भेगा तपासल्या गेल्या आहेत. त्यातून फाशाच्या बाजू थोड्या अधिक स्पष्ट दिसतील. पुढचं दान कधी आणि कोणतं, ते त्या छिद्रातूनही दिसणार नाही.