घाम खेळाडूचा, गल्ला विद्यापीठाचा

अमेरिकेतील कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामने नव्हेत. तेथील कॉलेजांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल लाखो लोक पाहतात. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे होतात. नामवंत खेळाडूच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानांतून विकल्या जातात. परंतु 2021 सालापर्यंत त्या विक्रीत हिस्सा घेण्यास खेळाडूला मनाई होती. फी, राहणे, जेवण यांची शिष्यवृत्ती मिळे. स्वतःच्या नावावर पैसे घेतले तर खेळणे बंद होई.

असे का? तर म्हणे तो कामगार नाही, 'विद्यार्थी-खेळाडू' आहे! हा शब्द एन.सी.ए.ए. या कॉलेज क्रीडासंस्थेने 1950 च्या दशकात रूढ केला. जायबंदी खेळाडूने कामगार म्हणून भरपाई मागू नये, हा त्यामागील हेतू. 1955 मध्ये रे डेनिसन हा कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यातील दुखापतीने वारला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

वाचकहो, ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. महारकीला 'वतन' असे भारदस्त नाव होते आणि त्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले जाई. हा मान नसून वेठ आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचे बिल मांडले. गोड नाव दिले की मजुरी बुडवता येते. अमेरिकेतील या दोन खेळांत कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी आहे, हेही ध्यानात घ्यावे.

तेथेही एकाने आवाज उठविला. एड ओबॅनन हा 1995 च्या विजेत्या बास्केटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे तो मोटारी विकण्याची नोकरी करू लागला. मित्राच्या घरी त्याने व्हिडिओ गेम पाहिला. त्यात तोच खेळत होता, 31 क्रमांकाची जर्सी घालून, डाव्या हाताने! त्याला मात्र कोणी विचारलेही नव्हते. 2009 मध्ये त्याने दावा लावला. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल खेळाडूंच्या बाजूने दिला.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. आता अनेक विद्यापीठांचे खेळाडू एकत्र येऊन सामूहिक परवाना देतात आणि नावाच्या जर्सीमागे त्यांना हिस्सा मिळतो. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने जुन्या खेळाडूंसाठी सुमारे 2.8 अब्ज डॉलरची भरपाई ठरली. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही परवानगी मिळाली.

तरी लढा संपलेला नाही. त्या भरपाईचा बहुतांश भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. हक्क मिळताना बहिणी मागे राहिल्या, तर तो न्याय अर्धाच म्हणावा लागेल.

आपल्या वस्त्यांतील मुले-मुलीही कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळतात. उद्या कोणी त्यांचे नाव किंवा फोटो वापरण्यासाठी कागदावर सही मागेल. हारतुऱ्यांनी आईबापांनी हुरळून जाऊ नये. कागद जाणत्याकडून वाचून घ्यावा, मोबदला विचारावा, प्रत जवळ ठेवावी. आमचे सांगणे एवढेच, की सत्कार जरूर स्वीकारावा, पण हिशेबही मागावा.

जय भीम!