अर्ज, मुलाखत आणि उत्तर : मुंबईच्या गिरण्या ते सेवायोजन कार्यालय

नोकरभरतीच्या व्यवहारात मराठीने सर्वाधिक वापरलेले दोन शब्द फारसीमार्गे आलेले आहेत : अर्ज आणि मुलाखत. अर्ज म्हणजे वरिष्ठापुढे मांडलेली विनंती. मुलाखत म्हणजे मूळ अर्थाने दोन व्यक्तींची भेट. पहिल्या शब्दात मागणारा आणि देणारा यांचे स्थान आधीच ठरलेले असते, तर दुसऱ्यात दोन्ही बाजूंनी बोलणे अभिप्रेत असते. बोलभाषा मात्र याहून वेगळे सांगते. माणसाला नोकरी ‘लागते’, किंवा कोणीतरी ती ‘लावून देतो’. या दोन्ही प्रयोगांत उमेदवार कर्ता नसतो. नोकरी लावून देणारा हा तिसरा माणूस मराठी समाजाच्या अनुभवातून भाषेत आला आहे. भरतीतील संवादाचा विचार करताना त्याच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

भरतीच्या वेळी दोन्ही पक्षांचे ज्ञान अपुरे असते. मालकाला उमेदवाराचे कौशल्य आणि सचोटी ठाऊक नसते. उमेदवाराला प्रत्यक्ष मिळणारे वेतन, कामाचे तास आणि काम किती दिवस टिकेल हे ठाऊक नसते. ही उणीव कोण भरून काढतो, आणि त्याचे मोल कोण देतो, हा मूळ प्रश्न आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत ही उणीव जॉबर भरून काढीत असे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली गिरणी स्थापन केल्यानंतरच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील इतर भागांतून हजारो लोक परळ, लालबाग, गिरणगावात आले. व्यवस्थापनातील अनेक अधिकारी इंग्रज अथवा पारशी होते. खेड्यातून आलेल्या माणसाची त्यांना माहिती नव्हती आणि त्या माणसालाही साहेबापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. जॉबर कामगार आणीत असे, त्यांच्यावर देखरेख ठेवीत असे, रजा देत असे आणि कामावरून काढीतही असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. कोण कोणत्या गावचा, कोणाचा भाऊबंद, कोणाचा हात साच्यावर बसलेला, हे जॉबरला ठाऊक असे. नव्या माणसाला तो पगाराचा दिवस, खात्यातील शिस्त, प्रसंगी राहण्याची जागाही सांगे. राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनाने दाखविल्याप्रमाणे, जॉबरची सत्ता वस्तीतील त्याच्या स्थानावरही अवलंबून होती. म्हणून कामगारांकडे पूर्ण पाठ फिरविणे त्याला परवडत नसे. त्याला दोन्हीकडचे ऐकावे लागे.

या मध्यस्थीची किंमत होती दस्तुरी. काम लावताना आणि पुढे ते टिकविण्यासाठी कामगार ती देत असे. एक माणूस काढून दुसरा घेतला की नवी दस्तुरी मिळे. त्यामुळे कामगार वारंवार बदलण्यात जॉबरचा लाभ होता. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने, म्हणजे भारतीय श्रमविषयक शाही आयोगाने, भरती व बडतर्फी यांतून जॉबरला दूर करावे आणि हे काम श्रम अधिकाऱ्यांकडे सोपवावे, अशी शिफारस केली.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. निवडलेल्या कामगारांना महिन्याच्या पहिल्या तारखेस बदली कार्ड दिले जाई. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीत हजर राहायचे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळे, नसेल तर घरी परतायचे. १९५० मध्ये मुंबई सरकारच्या योजनेने बदली कामगारांची नोंद अधिक व्यापक पातळीवर होऊ लागली. जॉबरची मनमानी आटोक्यात आणणे हा या उपायांचा एक हेतू होता आणि तो योग्यच होता. तथापि कार्ड एवढेच सांगे की धारक कामास पात्र आहे. तो कायम केव्हा होणार, काल त्याच्याऐवजी दुसऱ्यास का घेतले, या प्रश्नांना कार्डात उत्तर नव्हते. दस्तुरी घेणारा का होईना, जॉबर काहीतरी उत्तर देत असे. त्याचा अधिकार काढून घेताना हे उत्तर देण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपविले गेले नाही.

याच काळातील एक तरतूद भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ नुसार प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावणे मालकावर बंधनकारक होते. नोकरीच्या अटी कामगाराच्या भाषेत सांगितल्या नाहीत तर त्या सांगितल्याच नाहीत, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले. परंतु हा फलक दाराच्या आत गेलेल्यांसाठी होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या उमेदवारासाठी नव्हता.

दाराबाहेरच्या माणसासाठी सेवायोजन कार्यालये आली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये आरंभ झालेली ही यंत्रणा १९४८ मध्ये सर्व बेरोजगारांस खुली झाली आणि १९५६ मध्ये तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील, तसेच २५ अथवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना बहुतेक रिक्त पदे कार्यालयास आधी कळविण्याची सक्ती केली. स्थानिक कार्यालयास मुलाखतीच्या किमान १५ दिवस आधी सूचना द्यावयाची, दर तिमाहीस विवरणपत्र भरावयाचे, अशी नियमांची रचना होती. मात्र कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घेतले पाहिजे असे बंधन कलम ४ ने स्पष्टपणे नाकारले.

महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत ‘एक्स्चेंजमध्ये नाव घालणे’ आणि ‘कॉल येणे’ हे शब्दप्रयोग याच व्यवस्थेमुळे रुजले. नोंदणीची ज्येष्ठता टिकविण्यासाठी कार्डाचे वेळेवर नूतनीकरण करावे लागे. निवडीचा निकाल १५ दिवसांत कळविण्याचे बंधनही नियमांत होते. पण तो कळवायचा होता कार्यालयास, उमेदवारास नव्हे. कायद्याने मालकाला बोलते केले, परंतु ते शासनाशी. रिक्त पदांची गणना पुढे प्रगत होत गेली. चंडीगड व शिमला येथून काम करणाऱ्या श्रम ब्युरोने २०२१ मध्ये आस्थापनांचे त्रैमासिक सर्वेक्षणही हाती घेतले. धोरण आखण्यासाठी अशी आकडेवारी आवश्यक असते. मुलाखत देऊन घरी बसलेल्या उमेदवाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यात नसते.

शासकीय भरतीत हा प्रश्न काही अंशी सुटला, तो न्यायालयांमुळे आणि माहितीच्या अधिकारामुळे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन इत्यादींद्वारे रिक्त पदांना प्रसिद्धी द्यावी, असे म्हटले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर, २०११ मध्ये त्याच न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला. नाकारल्या गेलेल्या उमेदवारास ‘का’ असे विचारण्याची वाट यामुळे मोकळी झाली. खाजगी क्षेत्रात अशी वाट नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ सुरू झाले. १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सेवायोजन कार्यालयाची जागा करिअर केंद्राने घेतली असली, तरी रिक्त पद केंद्रास कळविणे हाच व्यवस्थेचा गाभा राहिला आहे. संगणकामुळे अर्ज पाठविणे सुलभ झाले. उत्तर मिळणे त्या प्रमाणात सुलभ झाले नाही.

हजारो अर्ज आलेल्या मालकाने प्रत्येकास उत्तर कसे द्यावे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु अपेक्षित उत्तर दीर्घ नसते. पद भरले गेले, अर्हता कमी पडली, अनुभव वेगळ्या कामाचा आहे, नाव प्रतीक्षा यादीत आहे : बहुतेक निर्णय अशा चार-पाच कारणांत बसतात आणि ती एका ओळीत कळविता येतात. शिवाय जाहिरातीतच वेतन, कामाचे ठिकाण व तास, नेमणूक कायम की कंत्राटी आणि निकालाची तारीख दिली, तर अयोग्य अर्जांची संख्या आपोआप घटते. जी माहिती आधी दिली जात नाही, तिच्या अभावाचा भार पुढे अर्जांच्या ढिगाच्या रूपाने मालकावरच येतो.

जबाबदारी उमेदवाराचीही आहे. ‘आपला आज्ञाधारक’ असा शेवट करणाऱ्या पारंपरिक अर्जात नम्रता भरपूर आणि माहिती तुटपुंजी असते. कोणते यंत्र चालविले, किती काळ, कोणत्या कामाची जबाबदारी सांभाळली, हे सांगणारा अर्ज मालकाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. केवळ गरज सांगणारा अर्ज ते देत नाही.

येथे मराठीच्या अध्यापनाशीही संबंध येतो. व्यावहारिक मराठीत अर्जलेखन वर्षानुवर्षे शिकविले जाते. अर्जाला उत्तर कसे लिहावे, नेमणूक नाकारताना कारण स्पष्ट, पण उमेदवाराचा अवमान न करता कसे सांगावे, याला तितके स्थान मिळालेले नाही. विनंतीसाठी भाषेने साचे घडविले, उत्तरासाठी ते घडविणे बाकी आहे. जॉबरची दस्तुरी गेली, हा कामगार चळवळीचा आणि कायद्याचा लाभ होय. त्याच्याबरोबर गेलेले उत्तर परत आणावयाचे, तर जाहिरातीचा मसुदा आणि नकाराचे पत्र या दोन साध्या लेखनप्रकारांपासून आरंभ करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.